आम्ही पाय बघत होतो, डॉक्टर मूत्रपिंडं

स्पायना बिफिडा (पोटात असतानाच पाठीचा कणा उघडा राहण्याचा दोष) असलेलं मूल घरात येणार असं कळलं की जो तो एकच प्रश्न विचारतो: चालेल ना? आम्हीही तोच विचारला. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विचारला, मग न्यूरोसर्जनना, मग बालशल्यचिकित्सकांना. प्रत्येक उत्तरातलं सोयीचं तेवढं धरून घरी यायचो. आज मुलगा माध्यमिक शाळेत आहे आणि घरात चालणं हा विषय आठवड्यातून एकदाही निघत नाही. लघवीची वेळ, शंट (मेंदूत साठणारा द्रव पोटात उतरवणारी नळी), तळपायाची कातडी हे विषय मात्र रोज निघतात.

गरोदरपणाच्या मध्यावरची ती सोनोग्राफी. डॉक्टर बाळाच्या डोक्यावरच रेंगाळल्या होत्या. पाठीकडे त्या बऱ्याच उशिरा वळल्या, आणि तेव्हा त्यांना काय सापडणार आहे हे त्यांना आधीच ठाऊक असावं असं वाटलं. ते का, हे नंतर समजलं. पाठीचा कणा जिथे उघडा राहिलेला असतो तिथून मेंदूभोवतीचा आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव गर्भजलात झिरपत राहतो. आतला दाब कमी होतो, मेंदूचा मागचा भाग नीट जागा धरत नाही आणि मानेच्या दिशेने खाली सरकतो. याला किआरी-२ दोष म्हणतात. सोनोग्राफीत त्याच्या दोन खुणा दिसतात. कवटी कपाळाच्या दोन्ही बाजूंनी किंचित आत दबलेली असते, तिला ‘लेमन साइन’ म्हणतात. लहान मेंदू वाकून मागे दाबला गेलेला असतो, ती ‘बनाना साइन’. १९८६ मध्ये या खुणांचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून पाठीचा दोष डोक्यावरून ओळखता येऊ लागला. आम्हाला त्या दिवशी यातलं काहीच कळत नव्हतं. पडद्यावर बाळ पाय हलवत होतं आणि आम्ही तेवढंच बघत होतो. पोटातलं हे पाय हलवणं जन्मानंतरच्या हालचालीची खात्री देत नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

मुळात हे घडतं कसं? गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि मधोमध जुळून त्यांची नळी बनते. याच नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती पूर्ण मिटते. वरच्या टोकाला मिटली नाही तर मेंदूच घडत नाही आणि ते बाळ जगत नाही. खालच्या बाजूला उघडी राहिली तर स्पायना बिफिडा. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. अनेक बायकांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते.

हा हिशेब माझ्यापेक्षा बायकोला जास्त उपयोगी पडला. निदानानंतर तिने मनातल्या मनात एक यादी केली होती: कधी जड उचललं, कधी ताप आला, कधी कुठल्या डोकेदुखीला कुठली गोळी घेतली. नातेवाइकांनीही त्या यादीत आपापली भर घातली, अर्थात ‘आम्ही काही म्हणत नाही’ अशी प्रस्तावना करून. जनुकतज्ज्ञ बाईंनी ती यादी शांतपणे ऐकली आणि एकेक गोष्ट खोडली. आईला मधुमेह असणं, वजन फार जास्त असणं, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असणं यांनी धोका वाढतो हे माहीत आहे. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. बहुतेक घरांत नसतंच. जनुकं आणि परिस्थिती यांचं काहीतरी एकत्र जुळून येतं, आणि नेमकं काय जुळलं ते एकेका घरापुरतं सांगता येत नाही.

फॉलिक अ‍ॅसिडचं मात्र ठामपणे सांगता येतं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच्या बाळाला असा दोष होता अशा स्त्रियांनी दिवस राहण्याच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. आधी असं बाळ झालेलं नसलेल्या स्त्रीसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, पण ते दिवस राहण्यापूर्वी किमान महिनाभर सुरू व्हायला हवं. खरी अडचण इथेच आहे. बहुतेक जणींना ही गोळी पहिल्या तपासणीच्या वेळी लिहून मिळते, आणि तोवर नळी मिटून गेलेली असते किंवा उघडी राहिलेली असते. म्हणूनच अनेक देश पिठातच फॉलिक अ‍ॅसिड मिसळतात. अमेरिकेने ते १९९८ पासून सक्तीचं केलं. तरीही गोळी वेळेवर घेऊन बाळाला दोष राहिला अशाही घटना असतात. सगळे दोष तिने टळत नाहीत.

पुढचे दिवस निर्णयांचे होते. गर्भपाताचा पर्याय डॉक्टरांनी आमच्यासमोर ठेवला, दबाव न आणता. आम्ही तो घेतला नाही. ज्यांनी घेतला अशी दोन कुटुंबं मला माहीत आहेत आणि त्यांच्याविषयी माझं काहीही म्हणणं नाही. दुसरा पर्याय होता बाळ पोटात असतानाच शस्त्रक्रिया करण्याचा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘मॉम्स’ चाचणीचे निकाल आले. सव्वीस आठवड्यांच्या आत गर्भाशय उघडून बाळाची पाठ बंद केली, तर वर्षभरात शंट बसवावा लागलेल्या मुलांचं प्रमाण ४० टक्के होतं. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ते ८२ टक्के होतं. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणाऱ्यांचं प्रमाण ४२ विरुद्ध २१ टक्के. बदल्यात अकाली प्रसूतीचा धोका वाढतो आणि आईच्या गर्भाशयावर असा व्रण राहतो की पुढच्या प्रत्येक बाळंतपणात तो उसवण्याची भीती असते. हे आकडे वाचून मी रात्रभर जागा होतो. पण तपासणीत बायकोच्या गर्भाशयाचं मुख आखूड निघालं आणि त्या शस्त्रक्रियेसाठी ती पात्रच नव्हती. एका अर्थी सुटका झाली. निवड आमच्या हातात उरली नाही.

‘४२ टक्के’ वाचल्यावर मी तेही चालण्याचंच वाचलं होतं, हे आता लक्षात येतं. शंटचा आकडा त्याच परिच्छेदात होता.

जन्म सिझेरियनने झाला. पाठीच्या खालच्या भागात पातळ पापुद्र्याची गाठ होती. तिच्यावर लगेच सलाइनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक आवरण घातलं आणि बाळाला पालथं ठेवलं. त्या गाठीत द्रव होता, आवरणं होती आणि मज्जारज्जूचा भागही होता. हा मायलोमेनिंगोसील, या दोषाचा सगळ्यांत गंभीर प्रकार. गाठीत फक्त आवरणं आणि द्रव असेल तर मेनिंगोसील, त्यात नुकसान बरंच कमी असतं. पहिल्या दोन दिवसांतच शस्त्रक्रिया झाली. न्यूरोसर्जनांनी तेव्हा जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं: ‘आम्ही पाठ बंद केली आहे, नसा दुरुस्त केलेल्या नाहीत.’ जे गेलं ते गेलं. आता जंतुसंसर्ग टाळायचा आणि आहे ते टिकवायचं.

मग डोकं मोठं होऊ लागलं. सिस्टर रोज टेपने घेर मोजायच्या आणि आलेखावर ठिपका टाकायच्या. तो ठिपका वरच्या रेषा ओलांडत चालला. टाळू फुगीर लागायला लागली. इतके दिवस जो द्रव पाठीतून बाहेर पडत होता, त्याची वाट आता बंद झाली होती आणि मेंदूच्या पोकळ्यांत तो साठत होता. यावर उपाय शंट: मेंदूतून निघून कानामागून, मानेतून, छातीवरून कातडीखालून पोटात उतरणारी बारीक नळी आणि मध्ये एक झडप. या झडपेची गोष्ट मला फार आवडते. १९५० च्या दशकात अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाच्या मुलाला हाच आजार होता. डोक्यातलं पाणी काढायला तेव्हा भरवशाची झडप नव्हती. या बापाने सिलिकॉनची झडप स्वतः घडवली आणि सर्जन युजीन स्पिट्झ यांच्यासोबत ती वापरात आणली. त्याचा मुलगा वाचला नाही. झडप राहिली, आणि तिने हजारो मुलं जगवली.

शंट एकदा बसवला की काम संपलं असं होत नाही. तो तुंबतो, मूल वाढतं तशी नळी तोकडी पडते, संसर्ग होतो. उलट्या, डोकेदुखी, गुंगी, नजर खाली ओढल्यासारखी दिसणं या खुणा आम्हाला पाठ झाल्या. साध्या पोटाच्या तक्रारीतही मूल उलट्या करतं, त्यामुळे प्रत्येक उलटीला आमच्या घरात एक क्षण शांतता पसरते. एकदा खरोखरच तुंबला होता. ज्या डॉक्टरांनी ते ओळखलं त्यांनी स्कॅन बघण्याआधी बायकोला विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ ती म्हणाली, ‘हा आज माझा मुलगा वाटत नाही.’ त्यांनी तेवढ्यावर शस्त्रक्रियेची तयारी सुरू केली, स्कॅन नंतर आला.

आता मुद्द्याचं: मूत्राशय.

मूत्राशय आणि गुदद्वार चालवणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या अगदी तळाशी, माकडहाडाच्या वरच्या भागातून निघतात. दोष त्यांच्या वर कुठेही असो, या नसा त्याच्या खालीच येतात. म्हणून धावू शकणाऱ्या मुलांचंही मूत्राशय बहुधा बिघडलेलंच असतं. पायाकडे बघून मूत्राशयाबद्दल काहीही अंदाज बांधता येत नाही. मूत्राशयाला दोन कामं असतात, कमी दाबाने साठवायचं आणि वेळ आली की पूर्ण रिकामं करायचं. यातल्या अनेक मुलांत भिंतीचा स्नायू आवळतो त्याच वेळी खालची झडपही आवळलेली राहते. लघवीला बाहेर जायला वाट नाही, मग ती उलटी मूत्रपिंडांकडे चढते. आमच्या मूत्ररोगतज्ज्ञांचं एक वाक्य मला पुरेसं होतं: ‘या बाळांची मूत्रपिंडं जन्मतः बहुतेक वेळा चांगली असतात.’ म्हणजे ती बिघडली तर नंतर बिघडतात. आणि नंतरचं आपल्या हातात असतं.

हे ऐकल्यावर मी पहिल्यांदा नीट जागा झालो असं म्हणायला हरकत नाही. तोवर सगळं ‘झालेलं’ होतं. इथे काहीतरी ‘करण्यासारखं’ होतं.

करायचं काय, तर दिवसातून ठरावीक वेळा बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी लगेच काढायची. पद्धत साधी आहे, पण ती मान्य व्हायला एका माणसाला वैद्यकीय समजुतीशी भांडावं लागलं. १९७२ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडेस यांनी मांडलं की नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालेल. त्यांचं म्हणणं असं की संसर्गाचं मोठं कारण जंतूंपेक्षाही ताणलेलं, तुंबलेलं मूत्राशय आहे. ते वेळेवर रिकामं होत राहिलं तर थोडेफार जंतू शरीर स्वतः निस्तरतं. त्याआधी या मुलांच्या मृत्यूचं एक मोठं कारण मूत्रपिंडं निकामी होणं हे होतं.

सिस्टरांनी आम्हाला दोघांना शिकवलं. हात साबणाने धुवायचे, जागा पुसायची, नळीला जेली लावायची, जबरदस्ती करायची नाही, लघवी थांबली की नळी थोडी मागे घेऊन पुन्हा थांबायचं, कारण शेवटचं थोडं तळाशी उरतं. पहिल्या आठवड्यात माझे हात थरथरायचे आणि मुलाला काहीच फरक पडत नव्हता. त्या भागात त्याला संवेदना फारशी नाही. मोठ्यांना जे बघवत नाही ते त्याच्यासाठी दात घासण्याइतकं साधं होतं आणि अजूनही आहे. घरातल्या ज्येष्ठांना मात्र ते पटायला वेळ लागला. ‘नळीची सवय लागेल’ हे मी असंख्य वेळा ऐकलं. सवय लागावी हाच तर हेतू आहे, असं शेवटी आईला एकदा जोरात सांगितलं.

अधूनमधून युरोडायनॅमिक तपासणी होते. मूत्राशय हळूहळू पाण्याने भरत आतला दाब मोजतात. साधारण ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर दाब जायला लागला की मूत्रपिंडांना धोका, हा आकडा मी आता झोपेतही सांगेन. दाब वाढलेला निघाला तेव्हा ऑक्सिब्युटिनिन सुरू झालं. त्याने स्नायू सैलावतो, पण तोंड कोरडं पडतं आणि उन्हात चेहरा लाल होतो. आता नळी तो स्वतः घालतो. शाळेत त्याला वेगळं स्वच्छतागृह आणि तासाच्या मध्ये उठण्याची मुभा मिळवणं, हे शस्त्रक्रियांपेक्षा चिवट काम होतं.

शौचाचं तंत्रही याच नसांचं. गुदद्वारातून पाणी सोडून आतडं रिकामं करायचं, तेही ठरलेल्या वेळी. यावर जास्त लिहीत नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी लाज न बाळगता पहिल्याच वर्षी विचारावं. शाळेत मुलाला एकटं पाडणारी गोष्ट कुबड्या नसतात, वास असतो.

आणि पाय? दोष किती उंचीवर आहे यावर बरंच अवलंबून असतं. गुडघा सरळ करणारा मांडीचा स्नायू कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या नसांवर चालतो, घोटा वर उचलणारा चौथ्या-पाचव्या, टाच उचलणारा त्याखालच्या. आमच्या मुलाचा गुडघा काम करतो, घोटा जवळजवळ नाही. जन्मतः पाऊल आत वळलेलं होतं, ते पॉन्सेटी पद्धतीने एकामागून एक प्लास्टरं घालून सरळ केलं. घोट्याला आधार देणारे प्लास्टिकचे स्प्लिंट आणि कुबड्या घेऊन तो घरात आणि वर्गात चालतो. लांब जायचं असेल तर व्हीलचेअर. व्हीलचेअर आली तेव्हा काही जणांनी सांत्वन केलं, जणू काही हरलो. तो मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मित्रांच्या बरोबरीने पळाला. ब्रिटनच्या टॅनी ग्रे-थॉम्पसन याच दोषासह जन्मल्या आणि व्हीलचेअर शर्यतींत त्यांनी पॅरालिम्पिकची अकरा सुवर्णपदकं मिळवली. हे नाव मी सांत्वन करणाऱ्यांना ऐकवतो. मुलाला नाही, त्याला शर्यतीत रस नाही.

पावलांना संवेदना नाही, त्यामुळे रोज रात्री तळवे तपासायचे. बूट चावला, जमीन तापलेली होती, तरी त्याला कळत नाही. घासल्याची लाल खूण काही वेळात गेली नाही तर स्प्लिंट बंद. जखम एकदा झाली की भरायला महिने जातात. लॅटेक्सचंही असंच. लहानपणापासून वारंवार शस्त्रक्रिया आणि रबरी हातमोज्यांशी संपर्क आल्याने या मुलांत लॅटेक्सची अ‍ॅलर्जी बरीच आढळते, कधी जिवावर बेतणारी. वाढदिवसाचे साधे फुगे आमच्याकडे नसतात.

शाळेत आणखी एक गोष्ट उशिरा उलगडली. तो बोलतो फार छान, मोठ्या माणसांसारखा. त्यामुळे शिक्षकांना वाटायचं की गणितात तो आळस करतो. मेंदूत पाणी झालेल्या मुलांत असं दिसतं: बोलणं अस्खलित, पण आकडे, क्रम लावणं, एका कामातून दुसऱ्याकडे वळणं अवघड. पायऱ्या लिहून दिल्या की तो करतो.

मध्यंतरी एका ओळखीच्या माणसाचा घाबरून फोन आला. कंबर दुखते म्हणून एक्स-रे काढला आणि अहवालात ‘स्पायना बिफिडा ऑकल्टा’ लिहून आलं. हा प्रकार वेगळा. मणक्याच्या मागच्या कमानीत नुसती फट राहिलेली असते, मज्जारज्जू जागच्या जागी. दहातल्या एखाद्याला तरी ती असते आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता नसतो. त्यांच्या कंबरदुखीचं कारण बहुधा दुसरंच असणार. मात्र बाळाच्या कमरेवर केसांचा झुपका, चरबीची गाठ, किंवा नितंबांच्या फटीच्या वर खोल खळगा दिसला, तर तो दाखवून घ्यावा. कातडीखाली मज्जारज्जू अडकलेला असू शकतो.

अडकण्याचा हा प्रकार आमच्याही वाट्याला आला. उंची झपाट्याने वाढायला लागली तेव्हा त्याची चाल बदलली, पाठ दुखायला लागली, लघवीची नळी घालण्याच्या दोन वेळांच्या मध्ये कपडे ओले होऊ लागले. पाठीच्या जुन्या व्रणाला मज्जारज्जू चिकटलेला असतो आणि वाढीबरोबर ताणला जातो. एमआरआयमध्ये तो अशा जवळजवळ सगळ्याच मुलांत चिकटलेला दिसतो, म्हणून निर्णय चित्रावरून होत नाही, बदललेल्या लक्षणांवरून होतो. चाल, पाठ, लघवी असं सगळं तारखांसह वहीत होतं, त्याचा तेव्हा उपयोग झाला. शस्त्रक्रियेनंतर दुखणं गेलं, चाल पूर्वीइतकी झाली नाही.

त्याच एमआरआयच्या वेळी त्याने तंत्रज्ञांना बाहेरच थांबवलं होतं. त्याच्या शंटची झडप बाहेरून चुंबकाने जुळवता येणारी आहे आणि काही झडपांचं सेटिंग एमआरआयच्या चुंबकाने बदलू शकतं. ‘झाल्यावर सेटिंग कोण तपासणार, ते आधी सांगा, मग मी आत जातो,’ म्हणाला. न्यूरोसर्जनना फोन लागेपर्यंत तो व्हीलचेअर दारात आडवी लावून बसला होता.